सर्जेराव कोतवालाचा गुणक

जखाईवाडीत पडलेली गार नारळाएवढी होती, असं सर्जेराव कोतवाल सांगायचा. ऐकणारा मनातल्या मनात नारळाची सुपारी करून घ्यायचा आणि मान डोलवायचा. उसात एक बिबट्या दिसला की सर्जेरावाच्या तोंडून चार बाहेर पडायचे, त्यातला एक तर गाभण असायचा. नाव सरदाराचं आणि काम कोतवालाचं. म्हणजे तलाठ्याच्या हाताखाली राहायचं, दवंडी द्यायची, नोटिसा वाटायच्या आणि गावावर काही कोसळलं की तालुक्याला खबर करायची.

ही खोड त्याची एकट्याची म्हणता येणार नाही. तालुक्याचाही त्यात वाटा होता. 'चार मागावेत तेव्हा एक पदरात पडतो,' हे त्याला त्याच्या बापानं सांगितलं होतं, आणि बापही कोतवालच होता. दोन हजार एकतीस सालच्या वादळात गावातली बारा छपरं उडाली. सर्जेरावानं अठ्ठेचाळीस कळवली. तालुक्याला कुणीतरी त्याची निम्मी केली, जिल्ह्याला कुणीतरी निम्म्याची निम्मी केली, आणि बरोबर बारा घरांचे पत्रे गावच्या पारावर येऊन पडले.

उडालेली छपरं खरं तर तेरा होती. तेरावं सर्जेरावाचं.

त्याची लेक वृषाली तेव्हा सातवीत होती. तिची पुस्तकं वाळवायला आईनं दोरीवर धोतरासारखी टांगली होती, आणि आढ्यावर खताच्या पिशव्या उसवून पसरल्या होत्या.

"आबा, आपलं का नाही लिहिलं?" तिनं विचारलं होतं.

"मोजणारा मोजणीत नसतो, पोरी. कोतवालानं स्वतःचं छप्पर लिहिलं, की बाकीच्या बारांवर कोण इस्वास ठेवील?"

अठ्ठेचाळीस लिहिणाऱ्या माणसाला विश्वासाची एवढी काळजी असावी, यातली गंमत वृषालीला फार उशिरा कळली. तेव्हा ती फक्त रागावली. दोन पावसाळे ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. पुढं आई गेली, वृषाली शिकली, परीक्षा देऊन विभागीय आपत्ती कक्षात लागली. शहरात खोली घेतली. खोलीला पक्का स्लॅब आहे ना, एवढंच तिनं बघितलं होतं.

त्या कक्षात सहा जिल्ह्यांच्या खबरी यायच्या. पोलीस, महसूल, वन, आरोग्य, पाटबंधारे, एसटी, वीज, सगळ्यांच्या. प्रत्येक खात्याची भाषा निराळी. एकाच्या लेखी माणूस 'बाधित' व्हायचा, दुसऱ्याच्या लेखी 'जखमी', आणि तिसरं खातं 'परिस्थिती नियंत्रणात आहे' एवढंच लिहून मोकळं व्हायचं. पाणी गावात एका तासात शिरायचं आणि बातमी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर दोन तासांत. म्हणून 'एकवाक्य' नावाची प्रणाली आणली. कुणीही, कुठूनही, कसंही सांगितलं, तरी तिनं ते ऐकायचं, एका नकाशावर मांडायचं आणि सगळ्या खात्यांना एकाच वेळी दाखवायचं.

पहिल्या वर्षी प्रणालीनं चोख काम केलं आणि तरीही गोंधळ झाला. कारण आता थापासुद्धा सगळ्यांना एकाच वेळी दिसू लागल्या.

त्यावर डॉ. उमराणी नावाच्या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी तोडगा काढला. वृषालीच्या प्रशिक्षण शिबिरात त्या स्वतः शिकवायला आल्या होत्या. बुटक्या, पांढरे केस कापलेल्या, हातात दोन घड्याळं.

"हे घड्याळ रोज दहा मिनिटं पुढं असतं," त्या म्हणाल्या. "आणि हे दुसरं कधी पाच मिनिटं पुढं, कधी सात मिनिटं मागं, कधी अगदी बरोबर. गाडी गाठायची असेल तर यातलं कुठलं घ्याल?"

"पहिलं," सगळे म्हणाले.

"का? ते तर कधीच खरं सांगत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. माणूस खोटं बोलतो याचं प्रणालीला वावडं नाही. तो किती खोटं बोलतो, आणि दर वेळी तेवढंच बोलतो का, हे तिला कळायला हवं. प्रत्येक खबर नंतरच्या पंचनाम्याशी ताडून बघायची. तीसेक खबरी ताडल्या, की त्या माणसाचा गुणक निघतो. निम्मा, पाव, सव्वा, जो काय असेल तो. मग त्यानं आकडा सांगितला, की प्रणाली तो गुणकानं गुणून घेते, आणि समोर येतं ते खरं. नवा खबरी असेल तर त्याचा गुणक कुठून आणणार? त्याला त्याच्या गावाचा लावायचा. आणि एखाद्यानं अचानक निराळ्या तऱ्हेनं बोलायला सुरुवात केली, तर त्याचा गुणक लगेच हलवायचा नाही, पुन्हा तीस खबरी थांबायचं. कोण जाणे, त्याच्या फोनवर दुसराच कुणी बोलत असेल.

"आता हा आपल्या सहा जिल्ह्यांतला सर्वांत चांगला खबरी," असं म्हणून त्यांनी पडद्यावर एक आलेख आणला. "क्रमांक चारशे सतरा. गाव जखाईवाडी, हुद्दा कोतवाल. हा गृहस्थ एकाचे चार सांगतो. गेल्या पाच वर्षांत एकदाही पाच नाही, एकदाही तीन नाही. म्हणजे बघा, हा माणूस आधी नीट मोजतो आणि मग खोटं बोलतो. असा खबरी म्हणजे सोनं!"

वर्ग खो खो हसला. शेजारी बसलेला मुश्ताक तांबोळी वृषालीकडे वाकला.

"जखाईवाडी म्हणजे तुझंच गाव ना गं? मग तूही चारास एकच!"

वृषालीला सोनं ऐकू आलं नाही. तिला हसू ऐकू आलं.

पाडव्याला ती गावी गेली. गुढी उभारून झाल्यावर, कडुलिंबाची गोळी बापाच्या तळहातावर ठेवत तिनं विषय काढला.

"आबा, तुम्ही एकाचे चार सांगता हे सरकारला कळलंय."

"कुणी चुगली केली? तलाठ्यानं?"

"यंत्रानं. पडद्यावर तुमचा क्रमांक लावून सहा जिल्ह्यांच्या लोकांना दाखवलं. सगळे हसले. मी तिथं बसले होते."

सर्जेरावानं गोळी बोटांनी फिरवली. मग म्हणाला, "म्हंजी मी चार म्हणलो की ते एक धरत्यात?"

"हो."

"मग बरोबरच धरत्यात की!"

"आबा!"

लेकीचा आवाज फुटलेला ऐकला, तसा त्याचा चेहरा उतरला. त्यानं गोळी तोंडात टाकली, चावली, कडूपणानं डोळे मिटले.

"बरं. हा पाडवा, ही गुढी. आजपास्नं जेवढं तेवढंच. एक म्हंजी एक. झालं समाधान?"

वृषालीचं समाधान झालं. पुढच्या पंधरवड्यात त्यानं तीन खबरी दिल्या. एक रोहित्र जळालं, दोन गाई विजेच्या तारेला लागल्या, एक म्हातारा हरवला आणि संध्याकाळी सापडला. रोहित्र एकच कळवलं होतं, गाई दोनच. तो बदल तिनं कक्षात बसून पाहिला आणि तिला बरं वाटलं. तीस खबरींचा नियम काही तिला आठवला नाही, आणि बापाला तो कुणी सांगितलाच नव्हता.

चैत्र वद्य अष्टमीला जखाईची जत्रा असते. देवीचं ठाणं डोंगरावर. वाटेत एक उभा कडा आहे, आणि त्या कड्याला आग्या मोहळाची सात पोळी लटकलेली असतात, एकेक सुपापेक्षा मोठं. आग्या माशीशी खेळ नाही. एक चावली की तिच्या वासावर बाकीच्या येतात, आणि माणूस पळाला तर कोसभर पाठ सोडत नाहीत. म्हणून गावात शंभर वर्षांची रीत होती. पालखी कड्याखाली आली की ढोल बंद, हलगी बंद, उदबत्ती विझवायची, 'चांगभलं' सुद्धा मनात म्हणायचं. त्या दोनशे पावलांना गावात मुकी चाल म्हणतात. जखाईवाडीतलं तान्हं पोरही मुक्या चालीत रडत नाही, असं सर्जेराव सांगायचा. त्याला चारानं कसं भागायचं ते ज्यानं त्यानं बघावं.

त्या वर्षी सरपंचानं नवीन टूम काढली. पालखीवर आभाळातून फुलं टाकायला शहरातून ड्रोन आणला. रीत मोडली असं कुणी म्हणू शकलं नाही, कारण रीत ढोल-ताशांबद्दल होती, ड्रोनबद्दल नव्हती. मुक्या चालीत गाव तोंड मिटून चाललं होतं आणि वरून ड्रोन घोंघावत आला. त्यानं पहिली ओंजळ झेंडूची टाकली, वाऱ्यानं जरा कड्याकडे सरकला, आणि तिसऱ्या पोळ्यात घुसला.

दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी वृषालीच्या टेबलावरचा दिवा लागला. क्रमांक चारशे सतरा.

"जखाईच्या डोंगरावर आग्या मोहळ उठलंय," सर्जेरावाचा आवाज आला. मागं गिरणी चालू असावी तशी घरघर. "लोकं देवळात घेतल्यात. अडतीस जणांना चावल्यात. त्यातल्या सात जणांचा श्वास लागलाय. पोलीसपाटलानं फोनसकट टाकीत उडी मारलीया, नर्सबाईबी चावलेल्यांत हाय. गाड्या लावा."

एकवाक्यनं ते ऐकलं, लिहिलं आणि पडद्यावर मांडलं. जखमी दहा. गंभीर दोन. रुग्णवाहिका दोन. पेट्या दहा.

पेटी म्हणजे प्राणवायूचं छोटं नळकांडं, अॅड्रेनालिनची सुई आणि सलाईन. माणसामागे एक. दहा पेट्यांत अडतीस माणसं कशी बसणार?

एरवी वृषालीनं चार जास्त पाठवून द्या म्हटलं असतं. पण त्याच दुपारी, साडेअकरापासून, घाटाखालच्या एका रंगाच्या कारखान्यात वायू सुटला होता. तांबोळीच्या टेबलावर तीच लढाई चालू होती. सहा जिल्ह्यांत तासाभरात पोचतील अशा पेट्या चौसष्ट होत्या. जखाईला दहा जाताच उरलेल्या चोपन्न प्रणाली कारखान्याकडे वळवू लागली.

वृषाली उठून कक्षप्रमुख शहापुरे साहेबांकडे गेली. शहापुरे मोजकं बोलणारे, आणि नियमांचं पुस्तक पाठ असलेले.

"साहेब, जखाईवाडीचा आकडा खरा आहे. अडतीसच आहेत. भागायचं नाही."

"दुसरी खबर आलीये? वेगळ्या खात्याची?"

"पोलीसपाटील टाकीत उडी मारून बसलेत, फोन खिशात होता. आरोग्यसेविका त्या अडतीसांतच आहे."

"मग अडतीस कशावरून?"

"कोतवाल माझे वडील आहेत. त्यांनी मला शब्द दिलाय, पाडव्याला."

शहापुऱ्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही.

"वृषाली, म्हणूनच तुला त्या आकड्याला हात लावता येत नाही. नियम अकरा. नात्यातल्या माणसाच्या खबरीत कर्मचाऱ्यानं ढवळाढवळ करायची नाही. उद्या कारखान्यात एखादा दगावला तर त्याची बायको मला विचारेल, की तुमच्या पोरीच्या गावाला पेट्या जास्त का गेल्या. शब्दावर म्हणून सांगू?"

बोलणं बरोबर होतं. तेच तर वाईट होतं.

"खबर देणाऱ्यानं स्वतः आकडा बदलला तर?"

"मोजणीत चूक झाली म्हणून एकदा बदलता येतो. त्यानं स्वतः. तू सुचवायचा नाहीस. फोन ध्वनिमुद्रित होतात, विसरू नकोस."

ती टेबलाशी परत आली. समोर पडद्यावर दोन गाड्या ठिपक्यांसारख्या निघायच्या तयारीत होत्या. तिनं चारशे सतरा लावला.

"आबा, मी वृषाली बोलतेय."

"गाड्या निघाल्या का गं?"

"निघतायत. तुमची मोजणी पुन्हा एकदा करायची आहे का?"

"दोनदा केलीया. अडतीस. एक इकडं न्हाई, तिकडं न्हाई."

"आबा," ती म्हणाली, आणि थांबली. तिचा आवाज एका पट्टीवर कोरला जात होता. गुणाकार करा असं म्हणायची सोय नव्हती. खोटं बोला असं म्हणायची तर त्याहून नव्हती. "आबा, तुम्ही नेहमी सांगता तसं सांगा."



"नेहमीसारखं? पोरी, पाडव्याला शब्द दिलाय तुला. कडुलिंब खाल्लाय."

"शब्द मला दिला होता ना? मी परत करतेय. घ्या."

सर्जेराव कोतवालाला लिहिता-वाचता बेताचं यायचं, पण पाढ्यांत त्याचा हात कुणी धरला नसता. एवढ्या गदारोळात त्याला श्वास घ्यायला लागेल तेवढाच वेळ लागला.

"चूक झाली बघा, बाई," तो सरकारी आवाजात म्हणाला. "गडबडीत कमी मोजलं. एकशे बावन्न हायत. त्यात अठ्ठावीस जणांचा श्वास लागलाय. देवळात पाय ठेवायला जागा न्हाई."

पडद्यावर आकडे फिरले. जखमी अडतीस. गंभीर सात. रुग्णवाहिका पाच. पेट्या अडतीस. कारखान्याकडे वळलेल्या पेट्यांतून अठ्ठावीस परत फिरल्या आणि तिथं सव्वीस राहिल्या. तांबोळीनं मान वर केली.

"माझे जखमी सव्वीसच आहेत," तो म्हणाला. "बरोबर बसलं."

चौसष्टच्या चौसष्ट पेट्या वाटल्या गेल्या. एकही फुकट नाही आणि एकही शिल्लक नाही. वृषालीनं हुश्श केलं. आता फक्त फॉर्ममधला शेवटचा प्रश्न उरला होता. तो प्रत्येकाला विचारावाच लागायचा.

"खबर देणारे स्वतः जखमी आहेत का?"

"मला?" सर्जेराव म्हणाला. "चार चावल्या असतील."

एकवाक्यनं चारावर पाव गुणक लावला. दंश एक. उपचाराची गरज नाही. फॉर्म बंद झाला, हिरवी खूण आली.

वृषालीनंही तसंच भागलं. चारास एक. एका माशीनं बापाला काय होतंय? ती पाणी प्यायला उठली. पेला भरला. ओठाशी नेला आणि तिथंच राहिली.

आबा कधी दात दुखला तर बत्तीसच्या बत्तीस दुखतात म्हणायचा. काटा लागला तर कुदळ लागली म्हणायचा. पण ते गप्पांत. पारावर, हसताना. सरकारी खबरीत त्याचं स्वतःचं काय असायचं? एकतीस सालच्या यादीत बारा छपरं होती. तेरावं नव्हतं.

तिनं फोन उचलला.

"आबा, तुम्ही आत्ता कुठं उभे आहात?"

"उंबऱ्यावर."

"देवळाला दार कुठाय?"

"म्हणून तर उंबऱ्यावर. पालखीची झूल धरलीया. सोडली तर आत येत्यात." जीभ जड झाल्यासारखा शब्द ओढला जात होता. "तू तुझं काम कर, पोरी. गाड्या..."

"किती जणांना उचलून आणलंत आत?"

"मोजले न्हाईत," सर्जेराव म्हणाला.

तेव्हा वृषालीला समजलं. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मोजलं नव्हतं.

अडतीस माणसं, अडतीस पेट्या, आणि एकोणचाळिसावा उंबऱ्यावर. साहेबांकडे जाण्यात अर्थ नव्हता, ते नियम अकरा वाचून दाखवतील आणि ते पुन्हा बरोबर असतील. तांबोळीच्या सव्वीसांतली एक मागावी तर तिथंही कुणाचा तरी बाप असणार. तिनं नकाशा मोठा केला. सहा जिल्ह्यांच्या रेषेबाहेर, घाटाच्या पलीकडच्या अंगाला, शेजारच्या विभागाचं एक छोटं आरोग्य केंद्र होतं. तिथं पेट्या होत्या आणि दुचाकीवरून फिरणारा आरोग्यसेवकही होता. शेजारच्या विभागाकडून मागवायचं म्हणजे दोन आयुक्तांच्या सह्या. पण एका पेटीला सही लागत नव्हती. एकापर्यंत प्रणाली स्वतःच मागून घ्यायची.

वृषाली कक्षाबाहेर जिन्यात आली. स्वतःच्या मोबाईलवरून तिनं जनतेसाठी असलेला क्रमांक फिरवला. पलीकडे माणूस नव्हता, एकवाक्यच होतं. गोड आवाजात त्यानं नाव आणि गाव विचारलं.

"वृषाली सर्जेराव. गाव जखाईवाडी."

नवी खबरी. तिच्या नावावर आजवर एकही खबर नव्हती, म्हणून तिला गावाचा गुणक लागणार होता. आणि जखाईवाडीतून वर्षानुवर्षं एकाच माणसानं खबरी दिल्या होत्या.

एक म्हणावं तर पाव माणसाला पेटी येत नाही. दोन म्हणावं तर अर्ध्याला. तिनं आयुष्यभर ज्या गोष्टीची लाज धरली, ती करायला तिला जिन्यातल्या तीन पायऱ्या उतरेपर्यंत वेळ लागला.

"जखाईच्या देवळाच्या उंबऱ्यावर," ती म्हणाली, "चार जण गंभीर आहेत."

बारा वाजून एकोणतीस मिनिटांनी घाटाच्या पलीकडून एक दुचाकी निघाली. पेटी एक.

चौकशी झाली. व्हायचीच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी शहापुरे साहेबांनी वृषालीला समोर बसवलं. टेबलावर दोन ध्वनिमुद्रणं, एक अहवाल.

"कोतवालानं एकशे बावन्न कळवले, सापडले अडतीस. तुम्ही चार कळवलेत, सापडला एक. घरची रीत दिसते."

त्यांनी ध्वनिमुद्रणं बाजूला सरकवली.

"आणि हा एकवाक्यचा अहवाल. त्या दुपारी पेट्यांचा हिशेब शंभर टक्के अचूक. असं पहिल्यांदाच झालंय. कारखान्यातले सव्वीस घरी गेले, तुमचे अडतीसही. उमराणी मॅडमचा अभिनंदनाचा संदेश आलाय." त्यांनी चष्मा पुसला. "नियम अकराबद्दल तुमच्या सेवापुस्तकात एक शेरा जाईल. अभिनंदनाचा संदेशही त्याच पानावर चिकटवतो. पुढं वाचणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं."

ती उठली.

"एक रकाना रिकामा आहे," शहापुरे म्हणाले. "खबरी क्रमांक चारशे सतरा, स्वतःच्या जखमांची खबर. सांगितले दंश चार, यंत्रानं धरला एक, आणि तालुक्याच्या दवाखान्यानं काय कळवलंय ते तुम्ही पाहिलंच असेल. याचा गुणक यंत्राला काढता येत नाहीये. काय लिहू?"

वृषालीनं पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं : 'सदर इसम स्वतःस मोजत नाही. घरच्यांनी मोजावे.'

दुपारच्या एसटीनं ती तालुक्याला उतरली. दवाखान्याच्या पायरीवरच परिचारिका भेटली.

"तुम्ही कोतवालांच्या कोण?"

"मुलगी. कसे आहेत?"

"सूज उतरली. कालपर्यंत डोळा उघडत नव्हता, आज तोंड मिटत नाही. नांग्या काढता काढता आमची दोन माणसं दमली, बाई. एकशे त्रेसष्ट निघाल्या." परिचारिका हसू लागली. "आणि सकाळपासून तीनदा बोलावून विचारलं, नक्की किती निघाल्या म्हणून. मी म्हटलं, अहो, चार्टवर लिहिलंय की. तर म्हणाले, लिहिलेलं नको, तुम्ही मोजलंय ते सांगा."

खोलीत गर्दी होती. सरपंच ड्रोनचा विषय निघू नये म्हणून कोपऱ्यात उभा होता, आणि पोलीसपाटील अजून शिंकत होता. मधे खाटेवर सर्जेराव. चेहरा भोपळ्यासारखा, हात उशीएवढे, आवाज मात्र पूर्ववत.

"एक इथं बसली, एक इथं. मी झूल सोडली न्हाई," तो सांगत होता. "मग आल्या पलटणीनं. डाक्टर म्हणाला, कोतवाल, असली केस बगितली न्हाई. बाईनं चिमट्यानं एकेक काढून मोजली." त्यानं सुजलेला हात वर केला. "साशे बावन्न!"

"आयला!" कुणीतरी म्हणालं.

दारात उभ्या वृषालीनं मनातल्या मनात चारानं भागलं. एकशे त्रेसष्ट. बाकी शून्य.